दाढ उसाच्या बिलाची वाट बघत नाही
(दातदुखी, अचानक येणारा खर्च आणि सभासदाच्या घरची तजवीज)



लागण, बेणेप्रक्रिया, खत, पाणी यांवर आपण या पानांत नेहमी वाचतो. या खेपेला विषय जरा निराळा आहे. पण तो प्रत्येकाच्या घरातला आहे, आणि त्याचा उसाच्या पैशाशी फार जवळचा संबंध आहे.

उसाचा पैसा हा ठराविक वेळेचा पैसा आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये केली, तर ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. कायद्याने ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते. त्यातून सोसायटीची वसुली जाते आणि राहील ते हातात येते. म्हणजे मिळकतीला तारीख आहे. दुखण्याला मात्र तारीख नाही. त्यातही दाढेचे दुखणे असे खट्याळ, की ते हमखास रात्री उठते, आणि तेही घरात पैसा नसतो तेव्हा. मग सकाळी उसनवारी, नाहीतर शेकडा तीनने काढलेले पैसे.

आपण याला 'अचानक आलेला खर्च' म्हणतो. थोडा विचार केला तर दिसेल, की दाताचा खर्च अचानक येत नाही. तो वर्ष-दीड वर्ष आधीपासून सूचना देत असतो. आपण म्हणतो, "बघू, तोड झाल्यावर जाऊ." तेवढ्यात पहिल्या पायरीचा खर्च चौथ्या पायरीवर जाऊन बसतो. या पायऱ्या कोणत्या, आणि त्यासाठी पैशाची तजवीज कशी करावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

दाताला 'कीड' लागते म्हणजे काय?

उसाला खोडकिडा लागला तर पोंगा ओढल्यावर अळी डोळ्यांना दिसते. दाताच्या किडीत मात्र कसलीही अळी नसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन बाजारात 'किडे पाडून दाखवणारे' असतात. पण दाढेच्या भोकात अळी नसतेच, मग ती पडेल कोठून? त्यामुळे त्यांच्यावर घालवलेला पैसा आणि वेळ दोन्ही वाया.

खरा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे. तोडलेला ऊस लवकर गळिताला गेला नाही, तर तो शिळा होतो, आंबतो आणि उतारा पडतो. यात ल्युकोनोस्टॉक नावाच्या सूक्ष्म जंतूचा मोठा हात असतो. तो उसातली साखर खातो, आम्ल तयार करतो आणि डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतो. म्हणून कारखान्यात गाळपाच्या जागी गरम पाण्याने आणि वाफेने सफाई करतात, आणि रसाचे आम्ल मारण्यासाठी त्यात चुना घालतात.

तोंडात हेच घडते. तिथे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स व त्याच्यासारखे दुसरे जंतू असतात. जेवणातली साखर खाऊन तेही चिकट थर तयार करतात. सकाळी दातावरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागते, तो हाच थर. या थराखाली आम्ल साठते. माती तपासणीच्या अहवालात आपण 'सामू' वाचतो. तोच सामू दाताच्या पृष्ठभागावर साधारण साडेपाचाच्या खाली गेला, की दाताच्या कवचातला चुना विरघळू लागतो. कारखान्यात चुना जे काम करतो, ते तोंडात लाळ करते. ती आम्ल मारते आणि दाताला थोडा चुना परत देते. पण गोड खाल्ल्यावर सामू पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा गोड आले, की लाळेला काम पुरे करायला सवड मिळत नाही.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे कसे छापता?

असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपण साखर पिकवतो, म्हणून तिचे गुणदोष आपल्यालाच आधी ठाऊक हवेत. दोष लपवून कुणाचे भले होत नाही.

स्वीडनमध्ये लुंड येथील व्हिपेहोल्म या मनोरुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे या विषयावर मोठी तपासणी झाली. रुग्णांची संमती न घेता त्यांना चिकट गोळ्या खायला घातल्या. हे अन्यायाचे होते, आणि आज त्याला तसेच म्हटले जाते. पण त्यातून निघालेले अनुमान पुढेही टिकले: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने नुकसान कमी, आणि दोन जेवणांच्या मधे पुन्हा पुन्हा खाल्लेल्या चिकट गोडाने फार जास्त.

म्हणजे सणाची पुरणपोळी हा मोठा गुन्हेगार नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा वेळा होणारा गोड चहा, त्याबरोबरचे बिस्कीट, पोराच्या गालात तासभर ठेवलेली गोळी, हे खरे गुन्हेगार. गूळ 'औषधी' म्हणून त्याला सूट देऊ नये. जंतूला गूळही साखरच. फडात ऊस सोलून खाल्ला, तर चोथ्याने दात घासले जातात अशी समजूत आहे. पण चोथा दातांच्या फटीत पोहोचत नाही, रस मात्र पोहोचतो. ऊस खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. साधारण आहाराला हे ५० ग्रॅमच्या आसपास येते. पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन सपाट चमचे साखर धरली, तर ४० ग्रॅम चहातच गेली.

दुखण्याच्या चार पायऱ्या

पहिली पायरी. दातावर खडूसारखा पांढरा किंवा तपकिरी ठिपका. दुखणे अजिबात नाही, कारण वरच्या कवचाला नसच नसते. या पायरीवर फ्लोराइडच्या टूथपेस्टने दोन वेळा दात घासले आणि मधले गोड कमी केले, तर कीड पुष्कळदा तिथेच थांबते. खर्च जवळजवळ नाही.

दुसरी पायरी. कीड कवचातून आतल्या मऊ थरात उतरते. गार पाणी किंवा गोड लागले की झिणझिणते, आणि लगेच थांबते. ही खरी सूचना. आता दातात सिमेंट भरले की बहुतेक काम भागते. एक खेप, एक बैठक.

तिसरी पायरी. कीड नसेपर्यंत पोहोचते. ठणका सुरू होतो. गरम-गार लागल्यावर दुखणे बराच वेळ राहते. रात्री आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दाताच्या आत सूज पसरायला जागा नसते, म्हणून कळ असह्य होते. आता नुसते सिमेंट चालत नाही. नस काढून नळी साफ करणे, म्हणजे रूट कॅनाल करून वर टोपी बसवणे, नाहीतर दात काढणे, हे दोनच मार्ग राहतात. रूट कॅनाल आणि टोपीचा खर्च सिमेंटच्या कित्येक पट, आणि बहुधा खेपाही जास्त.

चौथी पायरी. नस मरते आणि दुखणे एकदम थांबते. इथेच माणूस फसतो. "लवंग धरली, बरी झाली" असे म्हणून तो कामाला लागतो. पण मुळाशी पू साठत असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो, ताप येतो. दुखायची थांबलेली दाढ बरी झालेली नसते, ती मेलेली असते, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

विहिरीवरच्या मोटरचा आवाज बदलला, की शहाणा शेतकरी बेअरिंग बदलून घेतो. मोटर जळून वायंडिंगला नेण्याची वाट बघत नाही. दाताचा हिशेब अगदी तोच आहे.

रात्री दाढ उठली तर काय करावे?

१. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चुळा भराव्यात. फटीत अडकलेले अन्न दोऱ्याने अलगद काढावे. टाचणी, काडी घालून उकरू नये.

२. उशी उंच घेऊन डोके वर ठेवावे. सूज असेल तर गालावर बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवावी. गरम शेक देऊ नये.

३. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन दातावर धरला तर थोडा वेळ आराम पडतो. तो उपचार नव्हे. जास्त तेलाने हिरडी भाजते.

४. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात. पुन्हा लागल्यास चार ते सहा तासांनी. चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर जाऊ नये. यकृताचा आजार किंवा दारूचे व्यसन असेल, वजन फार कमी असेल, किंवा दुसरी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. इतर वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना अपाय होऊ शकतो; त्या मनाने घेऊ नयेत.

५. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरू नये, कातडी जळते. रॉकेल, बॅटरीचे पाणी असले प्रयोग तर कधीच करू नयेत.

६. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत. दाताचे भोक गोळीने बुजत नाही.

तंबाखू किंवा मिश्री लावून कळ दाबण्याची सवय आपल्याकडे, विशेषतः घरातल्या बायामाणसांत, अजून आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दुखणे काही वेळ बधिर होते, आणि आतली कीड तेवढीच पुढे सरकते. शिवाय कर्करोगाचा धोका निराळा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेना, तर दात दुखो वा न दुखो, तपासून घ्यावे.

सकाळची वाट बघू नये अशी लक्षणे: सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरणे, थंडी वाजून ताप येणे, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे. अशा वेळी त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यावे. यात जीव जाऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावे. हिरडीच्या आजाराने रक्तातली साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने हिरडी आणखी बिघडते.

उपचार कोठे, आणि आधी काय विचारावे?

बऱ्याच ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक बसतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले आहेत. दंतचिकित्सक कोणत्या वारी असतात आणि कोणती कामे तिथे होतात, हे आधी विचारून जावे, म्हणजे खेप वाया जात नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. आपल्या ऊसपट्ट्यात सांगली, कराड येथे, आणि सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला त्या प्रवरानगरजवळ लोणी येथे दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च बहुधा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

खाजगी दवाखान्यात काम सुरू होण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. एकूण खर्च किती? फोटो आणि टोपी त्यात धरली आहे की निराळी? खेपा किती? हप्त्याने पैसे चालतील का? पावती मागून घ्यावी. आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नये. दाताचे नेहमीचे उपचार बहुतेक विम्यांत बसत नाहीत.

आणखी एक महत्त्वाचे. रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीनंतर कळ थांबते. मग "आता तोड आली आहे, वाहन यायचे आहे" म्हणून माणूस पुढच्या खेपेला जात नाही. वर भरलेले सिमेंट तात्पुरते असते. ते निघते, जंतू पुन्हा आत शिरतात आणि आधीचे पैसेही बुडतात. तसेच दाढेला टोपी न बसवता ठेवले, तर नस काढलेली दाढ चावताना दुभंगू शकते. हाती घेतलेले काम पुरे करूनच सोडावे. ते जमण्यासारखे नसेल, तर दात काढण्याचा पर्याय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. मात्र काढलेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात कलतात आणि समोरचा दात लांबतो, हेही विचारात घ्यावे.

टनामागे घरची कपात

आता पैशाचे. बिलातून टनामागे कपात झाली की आपण कुरकुर करतो. पण एक कपात अशी आहे, जी आपण आपल्या हाताने, आपल्याच घरासाठी करायची. टनामागे फक्त २५ रुपये. समजा, दोन एकर ऊस आणि एकरी ४० टन, म्हणजे ८० टन गेले. २५ रुपयांप्रमाणे २,००० रुपये बाजूला पडतात. घरातल्या दोन-तीन दातांत वेळेवर सिमेंट भरण्याच्या कामी ही रक्कम येते.

याच्या उलट हिशेब बघा. वेळेवर गेलो नाही, दाढ ठणकली आणि ५,००० रुपये दरमहा शेकडा तीनने काढले. महिन्याला १५० रुपये व्याज. पुढचे बिल १६ महिन्यांनी आले, तर व्याजच २,४०० रुपये. म्हणजे घरची कपात केली असती त्यापेक्षा जास्त पैसे नुसत्या व्याजात गेले, आणि मुद्दल डोक्यावर आहेच.

ही कपात पाळण्याचे काही नियम:

बिल जमा झाल्याच्या दिवशीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. "उरले तर टाकू" म्हटले की उरत नाही. खाते शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर असावे. रक्कम बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसते. हा पैसा आजार, अपघात, जळालेली मोटर अशा नडीलाच काढावा. लग्न, जत्रा, दिवाळी यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात. त्यांचा हिशेब निराळा. आणि काढलेले पैसे पुढच्या बिलातून आधी भरून टाकावेत.

कपात साठण्याआधीच नड आली, तर सावकाराकडे जाण्यापूर्वी दोन दारे ठोठवावीत. एक, घरातली बाई बचत गटात असेल तर गटाचे अंतर्गत कर्ज. दुसरे, किसान क्रेडिट कार्ड. या कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरगुती गरजांसाठी धरलेली असते. आपल्या सोसायटीच्या सचिवांकडे किंवा बँकेत याची चौकशी करावी.

पोरांकडे आणि फडाकडे लक्ष

मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आई-बापांना ती दुधाचीच वाटते. "किडली तर किडू दे, पडणारच आहे" असे म्हणून दुर्लक्ष होते, आणि जन्माची दाढ जाते. सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड उजेडात एकदा उघडून बघावे. तीन वर्षांपुढच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सगळ्यात महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

आपल्या फडात येणारे तोडणी कामगार गाव सोडून महिनोन् महिने खोपीत राहतात. त्यांच्यातल्या कुणाची दाढ सुजली, तर त्याला दवाखान्याची वाट आणि दिवस कुणी सांगायचे? हे काम आपलेच आहे. उसाचा धनी म्हणून एवढे केले, तर एखाद्याचा जीव वाचेल.

ऊस तुटला, की त्याला चोवीस तासांच्या आत गाळपाला नेण्यासाठी आपण किती धडपडतो! तेवढी घाई दातासाठी करायची गरज नाही. गार पाणी झिणझिणले, की त्या पंधरवड्यात तालुक्याला एक खेप करावी, एवढेच. आणि या हंगामाचे पहिले बिल जमा होईल, त्या दिवशी टनामागे २५ रुपयांचा आकडा वहीत सगळ्यांच्या वर लिहावा.